चेक ४,८५,००० चा, मधे १ लाख मिळाले, मग बाउन्स. नोटीस कुठल्या रकमेची?

पाऊचवाला

नमस्कार मंडळी. नमकीनचे छापील पाऊच बनवतो. युनिट पीथमपूरला, ऑफिस इंदुरात सियागंजला. पुण्याच्या एका पार्टीला बिल नं. २१२ चा माल दिला, ४,८५,००० रुपयांचा. त्यांनी तेवढ्याच रकमेचा ५ जानेवारी तारखेचा अकाउंट पेयी चेक आधीच देऊन ठेवला होता. १९ जानेवारीला त्यांचे १,००,००० एनईएफटीने आले. पुढे काहीच हालचाल नाही, म्हणून २ फेब्रुवारीला चेक सियागंजजवळच्या शाखेत भरला (खातं पीथमपूर शाखेत आहे). ४ फेब्रुवारीला मेमो हातात पडला: 'पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉअर'.

आज १८ तारीख. विचारायचं हे की केस पुण्याला जाऊन करावी लागेल का? स्टॉप पेमेंटला चेक बाउन्स म्हणतात का? आणि नोटीस ४,८५,००० ची द्यायची की ३,८५,००० ची? दोन जणांनी दोन उत्तरं दिली आहेत.

रोखठोक

सरळ पूर्ण चेकच्या रकमेची नोटीस ठोका, वर १८ टक्के व्याज आणि वकिलाची फी लावा. चेकवर सही त्यांचीच आहे ना? मग गृहीतक तुमच्या बाजूचं. एक लाखाचं काय ते त्यांनी कोर्टात सांगावं.

कलम_१३८

रोखठोक भाऊ, हा सल्ला २०२२ च्या आधी कदाचित खपून गेला असता. आता त्यानेच केस पडेल.

सोपे दोन प्रश्न आधी संपवतो. 'स्टॉप पेमेंट' निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (चेक बाउन्सचा कायदा) कलम १३८ मध्ये बसतं. पुढे मी कायद्याचं नाव न घेता सांगतो ती कलमंही त्याच कायद्यातली. मोदी सिमेंट्सच्या निकालापासून (१९९८) हा मुद्दा मिटलेला आहे. खात्यात पुरेसे पैसे होते आणि थांबवायला खरंच कारण होतं, हे चेक देणाऱ्याने सिद्ध करायचं.

पुण्याला जायची गरज नाही. दशरथ रूपसिंग राठोडच्या निकालाने (१ ऑगस्ट २०१४) केसेस चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी पाठवल्या होत्या. २०१५ च्या दुरुस्तीने ते उलटवलं. त्या दुरुस्तीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा सुरुवातीचा निकाल तर इंदूरचाच आहे. ब्रिजस्टोन इंडियाच्या प्रकरणात चंदीगडच्या युनियन बँकेचा २६,९५८ रुपयांचा चेक इंदूरच्या आयडीबीआय बँकेत भरला होता. २४ नोव्हेंबर २०१५ ला न्यायालयाने सांगितलं की केस इंदुरात चालेल.

पण थांबा, तुमची केस इंदुरातही चालणार नाही. कलम १४२(२)(अ) खालचं स्पष्टीकरण वाचा. चेक बँकेच्या कुठल्याही शाखेत टाकला तरी जिथे तुमचं खातं आहे त्याच शाखेत दिला असं धरलं जातं. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं. तिथे चेक मुंबईत ऑपेरा हाऊसच्या शाखेत भरला होता, खातं मंगळूरच्या शाखेत होतं, आणि केस मंगळूरला गेली. तुमचं खातं पीथमपूरला, आणि पीथमपूर धार जिल्ह्यात. म्हणजे परिवाद (कोर्टातली फौजदारी तक्रार) धार जिल्ह्यातल्या त्या न्यायालयात, ज्याच्या हद्दीत ती शाखा येते. इंदूरच्या जिल्हा कोर्टात दाखल केलात तर सहा-आठ पेश्या झाल्यावर 'योग्य न्यायालयात दाखल करा' म्हणून कागद परत हातात येतील.

आता रकमेचा प्रश्न. दशरथभाई पटेलचा निकाल (११ ऑक्टोबर २०२२) अगदी तुमच्यासारख्या प्रसंगावर आहे. चेक २० लाखांचा, त्यातले ४,०९,३१५ रुपये चेक भरायच्या आधीच मिळालेले, तरी चेक पूर्ण रकमेचाच भरला. न्यायालयाने म्हटलं की चेक वटायला टाकला त्या दिवशी कायद्याने वसूल होण्याजोगं देणं चेकच्या रकमेइतकं नव्हतं, म्हणून गुन्हाच झाला नाही. चेक लिहिल्यानंतर आणि भरण्याआधी काही रक्कम मिळाली असेल, तर कलम ५६ प्रमाणे चेकवर तसा शेरा मारायचा आणि बाकीपुरताच तो भरायचा. असा शेरा मारलेला चेक परत आला तर गुन्हा लागू होतो.

इथे लोक एक गोष्ट नेहमी मिसळतात. बाउन्स झाल्यानंतर आलेली अर्धवट रक्कम वेगळी. तेव्हा गुन्ह्याचा पाया आधीच पडलेला असतो, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची पूर्ण रक्कम चुकती झाली नाही तर केस उभी राहते. तुमचे एक लाख १९ जानेवारीचे, चेक भरला २ फेब्रुवारीला. हे चौदा दिवसच तुमची अडचण आहेत.

नोटिशीत तर दोन्हीकडून कात्री आहे. पूर्ण ४,८५,००० मागितले तर दशरथभाई आड येतो. ३,८५,००० मागितले तर कावेरी प्लास्टिक्स (१९ सप्टेंबर २०२५). तिथे चेक १ कोटीचा आणि नोटीस २ कोटींची होती. टायपिंगची चूक झाली हा खुलासा चालला नाही. नोटिशीतली मागणी चेकच्या रकमेशी तंतोतंत जुळलीच पाहिजे, नाहीतर नोटीस अवैध. म्हणजे २ फेब्रुवारीच्या बाउन्सवर आधारलेली कुठलीही नोटीस लंगडीच राहणार.

आणि रोखठोक भाऊ, व्याज-फी मागायला बंदी नाही. फक्त चेकची रक्कम वेगळ्या ओळीत, वेगळ्या आकड्यात स्पष्ट असावी. सगळं एकाच बेरजेत कोंबलं की मागणी धूसर होते आणि तिथूनच उलटतपासणी सुरू होते.

खतावणी

एक लाख बिल २१२ पोटीच आले हे आधी ठरवा. मगच दशरथभाईची भीती.

करार कायद्याची कलमं ५९ ते ६१ बघा. पैसे देताना देणेकऱ्याने 'हे अमुक बिलाचे' असं सांगितलं असेल, किंवा परिस्थितीवरून तसं दिसत असेल, तर त्याच बिलात जमा धरावे लागतात. त्याने काही सांगितलं नसेल तर घेणेकरी आपल्या मर्जीने कुठल्याही कायदेशीर येण्यात जमा करू शकतो, अगदी मुदतबाह्य झालेल्या जुन्या येण्यातही. दोघांनीही काही ठरवलं नसेल तर सगळ्यात जुन्या येण्यापासून फिटत येतं.

मग या पार्टीकडे २१२ च्या आधीचं काही येणं आहे का? टॅलीत ते एक लाख 'अगेन्स्ट रेफ' टाकून २१२ ला जोडलेत की 'ऑन अकाउंट', म्हणजे कुठल्याही बिलाला न जोडता, ठेवलेत? एनईएफटीच्या नॅरेशनमध्ये काय आहे? जुन्या बिलात बसत असतील तर २१२ चं देणं चेक भरताना पूर्ण ४,८५,००० चंच होतं. पण आजच्या तारखेला टॅलीत नोंद बदलू नका. एडिट लॉगमध्ये आधीची आणि नंतरची, दोन्ही नोंदी तारीख-वेळेसकट राहतात.

पाऊचवाला

खतावणी ताई, जुनं बिल १८७ आहे, त्यात १,१२,००० बाकी आहेत. टॅलीत 'ऑन अकाउंट'च आहे. नॅरेशन रिकामं. मला आशा वाटली होती, पण आता व्हॉट्सॲप चाळलं तर १९ जानेवारीलाच संध्याकाळी त्यांचा निरोप आहे: 'भाऊ २१२ चे एक लाख टाकलेत, बाकी ३.८५ पुढच्या आठवड्यात क्लिअर करतो, तोवर चेक थांबवा.' मी खाली अंगठा दाखवलेला आहे.

खतावणी

मग कलम ५९. ते पैसे २१२ मध्येच गेले. आणि तुमचा अंगठा म्हणजे ते तुम्हाला मान्य.

रोखठोक

तो निरोप दाखवायचाच कशाला?

कलम_१३८

कारण तो त्यांच्याही फोनमध्ये आहे. परिवादाबरोबर शपथेवर साक्ष द्यावी लागते. तिथे एक लाख लपवले आणि उलटतपासणीत ते पुढे आले, तर केस तर जाईलच, खोट्या शपथपत्राची बला वेगळी.

शिवाय हा निरोप लपवण्यासारखा नाहीच. नीट वाचा. ३,८५,००० देणं आहे हे त्यांनी स्वतः आकड्यासकट कबूल केलंय. 'माल खराब निघाला', 'चेक सिक्युरिटीचा होता', 'कोरा चेक परस्पर भरला' असले नेहमीचे बचाव त्या एका ओळीत संपतात. एवढा नीट पुरावा दिवाणी दाव्यात सहसा मिळत नाही. फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका. एक्स्पोर्ट करून ठेवा आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग आहेत, पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. नुसते स्क्रीनशॉट छापून लावण्याचे दिवस गेले.

१३८ ची वाट अजून बंद नाही. चेक ५ जानेवारीचा, मुदत तीन महिने. म्हणजे ४ एप्रिलपर्यंत तो पुन्हा भरता येतो. पहिल्या बाउन्सवर केस केली नाही म्हणून दुसऱ्यांदा भरायचा हक्क जात नाही, एमएसआर लेदर्समध्ये (२०१२) तीन न्यायाधीशांच्या पीठाने हे सांगितलंय.

चेकच्या पुढच्या बाजूला पेन लावू नका. आकडा खोडून ३,८५,००० केलात तर कलम ८७ चा महत्त्वाचा फेरबदल होतो आणि चेकच रद्दी होतो. शेरा मागच्या बाजूला: 'दि. १९ जानेवारी रोजी या चेकपोटी रु. १,००,००० एनईएफटीने मिळाले. बाकी रु. ३,८५,००० करिता सादर.' यूटीआर नंबर (एनईएफटीचा व्यवहार क्रमांक) घाला, खाली फर्मचा शिक्का, सही, तारीख. दोन्ही बाजूंची रंगीत प्रत आधी काढून ठेवा. मग शाखेच्या नावे पत्र लिहा की हा चेक कलम ५६ च्या शेऱ्यासह बाकी रकमेपुरता वसुलीला देत आहे, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्या. हा चेक ड्रॉप बॉक्समध्ये टाकू नका. खिडकीवर द्या, तोही पीथमपूरच्या शाखेत.

आता अडचण. सीटीएस क्लिअरिंगमध्ये चेकची प्रतिमा जाते आणि समोर छापलेला-लिहिलेला आकडाच भरला जातो. काउंटरवरचा माणूस '४,८५,००० चा चेक ३,८५,००० ला कसा घेऊ' म्हणेल. तेव्हा नकार तोंडी घेऊ नका, पत्रावर लिहून मागा. कायद्याने शेरा मारायची सोय दिली आहे, यंत्रणा मात्र त्यासाठी घडवलेली नाही. दशरथभाईच्या निकालाचा हाच कच्चा दुवा आहे असं माझं मत.

म्हणून पहिला प्रयत्न हा करा: पार्टीला लिहून कळवा, जुना चेक परत घ्या आणि ३,८५,००० चा नवा द्या. दिला तर सगळा गुंता संपला. नाही दिला तर तो नकारही कागदावर आला. पण जुना चेक नवा हातात आल्याशिवाय सोडू नका.

तारीख_पे_तारीख

आकडेमोड मी करून देतो, या केसेस इथेच जास्त बुडतात.

समजा शेरा मारून चेक २५ फेब्रुवारीला भरला आणि मेमो २७ ला मिळाला. नोटीस ३० दिवसांत. २७ तारीख सोडून मोजायचं, म्हणजे शेवटचा दिवस २९ मार्च. नोटीस तोपर्यंत निघाली पाहिजे. समजा ती त्यांना ९ मार्चला मिळाली. १५ दिवस २४ मार्चला संपतात. परिवादाचं कारण २५ मार्चला जन्मतं. तिथून एक महिना, आणि महिना म्हणजे कॅलेंडरचा, ३० दिवस नव्हे. २५ मार्च वगळून २५ एप्रिल. ईकॉन अंत्रीच्या निकालाची (२०१३) मोजणी हीच. तरी शेवटच्या तारखेवर झोपू नका.

उलटी घाईही मारते. १५ दिवस पुरे व्हायच्या आत परिवाद टाकला तर तो परिवादच नव्हे (योगेंद्र प्रताप सिंग, २०१४).

तुमच्या पहिल्या मेमोचे ३० दिवस ६ मार्चला संपतात. वर सांगितलंय तसं त्या मेमोवर नोटीस देण्यात अर्थ नाही, ते दिवस जाऊ द्या. धरून बसायची तारीख ४ एप्रिल.

नोटीस कुणाला, हेही बघा. समोरची फर्म प्रोप्रायटरी असेल तर मालकाच्या नावाने, 'प्रोप्रायटर, अमुक ट्रेडर्स' अशी. कंपनी असेल तर कंपनी स्वतः आरोपी हवीच, नुसता डायरेक्टर धरून चालत नाही (अनिता हाडा, २०१२). त्यांच्या जीएसटी नंबरचा तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंतचा भाग म्हणजे पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. बिलावरच कळेल.

नोटीस स्पीड पोस्टाने, जीएसटी नोंदणीतल्या पत्त्यावर आणि दुकानाच्या पत्त्यावर, दोन्हीकडे. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे, जुने वकील अजून 'आरपीएडी' लिहितात. डिलिव्हरी दिसली की त्याच दिवशी ट्रॅकिंगची प्रिंट काढा, नंतर ते साइटवर दिसेनासं होतं. 'घेण्यास नकार' किंवा 'घर बंद' असा शेरा येऊन पाकीट परत आलं तर फोडू नका, बंद पाकीटच कोर्टात लावायचं. पत्ता बरोबर असेल तर नोटीस मिळाली असंच धरतात.

उद्यम_ताई

तुम्ही उत्पादक आहात, नुसते व्यापारी नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? आणि ती २१२ चा माल निघायच्या आधीची आहे का? सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालाने (२०२१) नोंदणी आधीची मागितली आहे. तो मुद्दा २०२५ मध्ये मोठ्या पीठाकडे गेला, पण आज तरी आधीची असणं सुरक्षित.

असेल तर एवढं सगळं १३८ वर टांगू नका. एमएसएमई कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे अडवता येत नाहीत. त्यानंतर कलम १६ चं व्याज, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. अर्ज ऑनलाइन होतो. पार्टी पुण्याची असली तरी पुरवठादार जिथला तिथली सुविधा परिषद (लघुउद्योगांची थकबाकी सोडवणारी), म्हणजे मध्य प्रदेशची (कलम १८(४)). आधी समेट, न जमल्यास लवाद. निवाड्याला आव्हान द्यायचं तर समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. इथे एक लाख मिळाल्याने काही बिघडत नाही, ३,८५,००० मागायचे. आणि १८७ चे १,१२,००० पण याच अर्जात घाला, चेकच्या केसमध्ये ते येऊच शकत नाहीत.

बिल, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी पोच सहीसकट, आणि तो व्हॉट्सॲप निरोप. बिल्टीवर माल घेतल्याची सही नसेल तर आधी ट्रान्सपोर्टवाल्याकडून मिळवा, 'माल मिळालाच नाही' हे पहिलं उत्तर असतं.

पाऊचवाला

नोंदणी २०२१ ची आहे. बिल्टीची पोच ट्रान्सपोर्टनगरातून काढावी लागेल, बघतो. परिषदेत अर्ज आणि १३८ दोन्ही एकदम चालतात का? की एक निवडायचं?

कलम_१३८

चालतात. एक वसुली, दुसरा गुन्हा. एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे सांगायची, एवढंच पथ्य. खर्चाचा हिशेब मात्र आधी करा. इथे १३८ च्या परिवादावर चेकच्या रकमेच्या टक्केवारीने कोर्ट फी लागते. वर धारच्या फेऱ्या. आरोपी हद्दीबाहेरचा म्हणून समन्सआधी न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होणार, पण ती शपथपत्रावर आणि कागदांवर होऊ शकते, साक्षीदार उभे करावे लागत नाहीत. कलम १४३अ ची २० टक्क्यांपर्यंतची अंतरिम भरपाई आपोआप मिळत नाही. २०२४ पासून सर्वोच्च न्यायालयाने ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोडली आहे, तेव्हा ती धरून पैशाचं गणित मांडू नका.

माझा क्रम असा असेल: उद्याच नवा चेक मागणारं पत्र, सात दिवसांची मुदत देऊन. दरम्यान परिषदेचा अर्ज तयार. आठव्या दिवशी शेरा मारून जुना चेक पीथमपूर शाखेच्या खिडकीवर. शाखेने घेतला आणि परत आला तर ३,८५,००० ची नोटीस, व्याजाची ओळ वेगळी. त्यात एक लाख मिळाल्याचा आणि कलम ५६ च्या शेऱ्याचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात. शाखेने घेतलाच नाही तर १३८ सोडा, परिषदेवर जोर लावा.

खतावणी

आणि त्या पत्रात १८७ चा उल्लेख करू नका. दोन येणी एका कागदावर आली की 'एक लाख नक्की कशाचे' हा वाद पार्टी पुन्हा उकरून काढेल. त्याचं पत्र वेगळं पाठवा.